ओव्याचा डबा

मंडळी, आपलं पोर बोललं ते आपल्याला ऐकू गेलं, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? ठेवा हात! — वा, एका काकांनी ठेवला. त्यांची मुलं परगावी असतात. चालायचंच!

ऐका. गोष्ट कराडची. रेडिओवर बातम्या लागल्या की अख्खी आळी पानावर बसायची, तेव्हाची. काय दिवस हो! कुणाकडे आज भरली वांगी, ते वासावरून कळायचं. कुणाच्या मनात काय, ते मात्र— जाऊ द्या.

शरयूबाईंची वृंदा दहावीत होती. सायकलवर गाणी म्हणत जाणारी पोर, हल्ली शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. वेणीसुद्धा घालेना!

"काय होतंय गं?"

"कसंतरी होतंय, आई."

संपलं! मराठी घरात 'कसंतरी' कुठं होतं? पोटात! शरयूबाईंनी फळीवरचा पितळी डबा काढला — चिमूटभर ओवा, वर मीठ. "चाव. गरम पाणी पी."

दुसऱ्या दिवशी? "कसंतरी होतंय." — ओवा! तिचे वडील अच्युतराव पेपराआडून म्हणाले, "भेळ बंद करा तिची!" अहो, पोरीनं महिन्यात भेळेचं तोंड पाहिलं नव्हतं, बंद काय करता? हिंग झाला, लिंबू झालं, दृष्ट काढून झाली. पोट ठणठणीत! आणि पोर वाळत चाललेली.

एका संध्याकाळी पुन्हा तेच. "आई, कसंतरी होतंय गं."

शरयूबाईंनी डबा उघडला — रिकामा! शेजारी मागावा, तर शेजारी कुलूप. हातात द्यायला काही नाही! काय करील बिचारी? खाली बसली. आणि पहिल्यांदाच विचारलं, "कसंतरी म्हणजे... कसं गं, बाळा?"

वृंदा भिंतीलाच म्हणाली, "उद्याची सकाळ होऊच नये, असं."

रेडिओवर बातम्या लागल्या. त्या घरात कुणी पानावर बसलं नाही.

'असलं अभद्र बोलू नये' — अगदी ओठांवर आलं होतं! शरयूबाईंनी गिळलं. "कधीपासून, राजा?" एवढंच म्हणाल्या. मग पोर बोलत राहिली, आई ऐकत राहिली, हात धरून.

सकाळी अच्युतरावांनी रजा टाकली, लेकीला मिरजेला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. आळीत सांगितलं काय? "पोटाचं दाखवायला!" — सवय जाते होय? दिवस लागले, औषधं लागली. पण पुढल्या उन्हाळ्यात आळीनं सायकलवरचं गाणं ऐकलं. बेसूर! शरयूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या, भाजी करपेपर्यंत.

तर मंडळी, ओवा चांगलाच. घरात असू द्या. एरवी कीर्तनाच्या शेवटाला मी तुम्हाला 'बोला!' म्हणतो, आज नाही म्हणत. घरी जा. पोर म्हणालं, 'कसंतरी होतंय' — तर डबा रिकामा आहे असं समजा, आणि खाली बसा.