अर्ध्या खाटेचा पार्टनर

मी, शैलेश आनंदा कोळी, वय २४ वर्षे, धंदा नोकरी (गोदामात माल मोजून घेणे), मूळ राहणार उरण, सध्या रोडपाली, कळंबोली, ता. पनवेल. पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगतो की,

सन २०११ मध्ये कळंबोलीत नोकरी लागल्यावर मी राहण्यासाठी पुष्कळ हॉस्टेले पाहिली. काही ठिकाणी भाडे झेपेना, काही ठिकाणी आडनाव ऐकूनच "मासळी चालणार नाही" म्हणत. शेवटी घरमालक महादेव यांच्या इमारतीत अर्धी खाट मिळाली. अर्धी म्हणजे रात्री मी झोपायचे, दिवसा दुसऱ्याने. महादेव म्हणाले, "खाट येक, मानसं दोन. कुनाचा कुनाला तरास नाय." दुसऱ्या माणसाकडे बोट करून म्हणाले, "ह्यो तुजा पार्टनर."

पार्टनर हे पळस्प्याजवळ ट्रक उभे करतात त्या मैदानावर रात्रीचे वॉचमन आहेत. सकाळी ते यायचे आणि मी निघायचो, त्यामुळे भेट दारातच. ते विचारायचे, "झाली काय झोप, बापू?" मी म्हणायचो, "झाली. तुमी पडा आता." पहिल्या दिवशी नाव विचारायचे राहून गेले आणि पुढे लाज वाटू लागली. ज्याच्या अंगाची ऊब असलेल्या अंथरुणावर रोज पडतो, त्याला नाव कुठल्या तोंडाने विचारणार? महादेव तर कोणाचीच नोंद ठेवत नाहीत.

माझी आई मालू उरणहून जवळ्याची चटणी पाठवते. मी पार्टनरसाठी डबा उशाशी ठेवून जायचो. संध्याकाळी डबा धुतलेला असायचा आणि त्यात गुळाचा खडा किंवा चार शेंगदाणे. मी नको म्हटले तर म्हणाले, "रिकामा डबा वापस देत नसतात."

या सोमवारी सकाळी ते आले नाहीत. संध्याकाळी चटणी तशीच होती आणि चादरीची घडी माझ्याच हातची. मंगळवारीही तेच. दिवसरात्र सगळी खाट माझी असूनही मला झोप नाही. जिन्यात पाऊल वाजले की उठून बसत होतो.

आज कामावर न जाता पळस्प्याला गेलो. मैदानावरचा मुकादम परेश म्हणाला, "आमी त्याला काका बोलायचो. नाव ठेकेदाराला ठाव." ठेकेदाराचा फोन बंद आहे. दोन दवाखान्यांत गेलो. दोन्हीकडे पेशंटचे नाव विचारले आणि मी खाली मान घालून बाहेर आलो.

खोलीवर आलो तर खाटेवर नवा माणूस घोरत होता आणि पार्टनरची पिशवी जिन्यात फेकलेली. महादेव म्हणाले, "खाट रिकामी ठेवू काय? आनि पोलिसात गेलास तर तुजीबी पिशवी उचल." माझे डोके सणकले. मी दोन्ही पिशव्या उचलल्या आणि इथे आलो. माझी जागा गेली याबद्दल तक्रार नाही. माणूस शोधून द्यावा.

पार्टनरची पिशवी आपल्यासमोर उघडली. कपडे, दाढीचे सामान, आवळ्याचे तेल. नावाचा कागद नाही. वर्णन: वय पन्नाशीच्या आसपास, सावळे, उजव्या पायाने किंचित लंगडतात, बोलणे वऱ्हाडकडचे.

हरवलेल्या इसमाशी नाते काय, असे हवालदारांनी विचारले. मी सांगितले, एका खाटेवर झोपतो. ते म्हणाले, हे काही नाते नव्हे. मी म्हटले, मग भाऊ लिहा. आडनाव एकच का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, ते सापडले की आधी तेच विचारतो.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. हरवलेल्या इसमाच्या नावाची जागा मोकळी ठेवली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच व खरा आहे.

(सही) शैलेश आनंदा कोळी