बर्फावरचं बटण

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या बाई, त्यांचे यजमान आणि मित्रहो,

बाईंच्या हाताखाली मी माती शिकलो आणि उद्यापासून त्यांची प्रयोगशाळा माझ्या गळ्यात पडणार आहे. तेव्हा माझा आवाज कापला तर तो गहिवर समजावा. खरं सांगायचं तर ती भीती आहे.

उंच डोंगरावरच्या ज्या कुरणांखालची जमीन बारमाही गोठलेली असते, तिथल्या मातीत कार्बन आणि नायट्रोजन किती टिकावा, हे कोण ठरवतं? सगळे म्हणत, थंडी. बाईंनी एकाच उंचीवरचा कोरडा उतार खणला आणि शेजारचा ओलसर खोलगट भागही खणला. खोलगटात दोन्ही कितीतरी जास्त निघाले. ओल असली की गवत जोमानं वाढतं, त्याची मुळं मातीत साठतात आणि पाण्यामुळे हवा पोचत नाही म्हणून लवकर कुजत नाहीत. बाई म्हणायच्या, "थंडी दार लावते रे, पण किल्ली पाण्याकडे असते."

आता तो खोलगट भाग तसा उरलेला नाही. खालचा बर्फ वितळला, पाणी झिरपून गेलं, जागा कोरडी पडली. तिथल्या मातीचे गोठलेले नमुने तेवढे या भिंतीमागच्या फ्रीजरमध्ये आहेत. ते एकदा वितळले की त्यातले जिवाणू जागे होणार आणि कार्बन हवेत सोडू लागणार. मग पुन्हा गोठवून काय उपयोग? बैल गेला अन् झोपा केला.

म्हणून बाई त्या फ्रीजरमध्ये पेलाभर पाणी गोठवून ठेवतात आणि त्या बर्फावर आपल्या जुन्या कोटाचं बटण. आपल्या मागे वीज गेली, बर्फ वितळला, की बटण बुडतं. वीज परत आली तरी ते तळाशीच सापडतं. यजमान मघाशी मला म्हणाले, "अहो, घरच्या फ्रीजमध्येही एक आहे. माझ्या शर्टाचं!"

हसा, हसा. मी मात्र मघापासून मागच्या फ्रीजरची घरघर ऐकतोय. ती चालू आहे म्हणून तोंडातून शब्द फुटताहेत. वायरमनदादा, तो कोपऱ्यातला पंखा जरा बंद करता का? माईकमध्ये वारा शिरतोय.

थांबा. घरघर थांबली.

म्हणजे इतका वेळ मी पंखा ऐकत होतो? दादा, व्यासपीठाचे दिवे कुठून घेतलेत? मागच्या खोलीतून? फ्रीजरचा प्लग काढून? कधी? सकाळी! अहो, आधी तो प्लग परत लावा. आम्हाला अंधार चालेल.

अध्यक्ष महोदय, क्षमा असावी. पुष्पगुच्छ खुर्चीवर आहे आणि बाई नाहीत. म्हणजे त्या केव्हाच मागे धावल्या. त्यांच्या कार्याचा गौरव वगैरे छान लिहून आणलं होतं, आता त्यातलं एक अक्षर आठवत नाही. इतक्या वर्षांची मेहनत आमच्या समारंभाच्या रोषणाईनं घालवली असेल, तर मी बाईंना तोंड कसं दाखवू?

आल्या. बाई, तो पेला जरा खिडकीच्या उजेडात धरा.

वर आहे. मित्रहो, बटण वरच आहे! बंद दारानं सकाळपासून थंडी धरून ठेवली.

त्या काय म्हणाल्या ते मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल. म्हणाल्या, "पेला बाहेर राहिला तर बर्फ वितळेल. आणि तो जागेवर ठेवणं आता माझं काम नाही."

तेव्हा अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, आपल्या सर्वांचे आणि हो, वायरमनदादांचेही आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. फक्त टाळ्या आत्ता वाजवू नका. मी पेला ठेवायला निघालोय आणि मला फ्रीजरची घरघर ऐकायची आहे.