अकराव्या टप्प्यावर ऐकू आले ते

जबाब, दिनांक २६/०५/२००९

नाव : श्रीमती लतिका यशवंत पेडणेकर, वय ५९ वर्षे, धंदा : सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर, रा. विरार (पश्चिम), ता. वसई, जि. ठाणे.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, मी वरील ठिकाणी पहिल्या मजल्यावर एकटी राहते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी एकतीस वर्षे नोकरी केली. माझा मुलगा कौस्तुभ परदेशी गेला, त्याचे व्हिडिओ गेमचे यंत्र घरीच राहिले. मागील दिवाळीपासून मी त्यावर खेळते.

हवालदार साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, ट्रॉफी म्हणजे हातात मिळणारी वस्तू नव्हे. खेळातली अवघड अट पूर्ण केली की ती आपल्या नावावर नोंदली जाते. मला हवी असलेली ट्रॉफी एकट्याने मिळत नाही. दोघांनी इंटरनेटवरून एकत्र खेळून बारा टप्पे सलग पार करायचे, आणि दोघांपैकी कोणीही मरायचे नाही. जोडीदार हवा, असे मी एका वेबसाइटवर लिहिले. त्यावर सांडोरचे ॲन्सेल्म तुस्कानो, वय ३६, यांनी उत्तर दिले. ते शिक्षक असून घरची केळीची वाडी पाहतात. आम्ही डिसेंबरपासून दर रविवारी दुपारी खेळतो. खेळताना एका कानाच्या हेडफोनवरून बोलणे होते. ते मला मावशी म्हणतात. आमची प्रत्यक्ष भेट झालेली नव्हती. आमचे सहा प्रयत्न फसले, त्यातले चार माझ्यामुळे.

दि. २४/०५/२००९ रोजी आम्ही प्रथमच अकराव्या टप्प्यावर पोहोचलो. ४ वाजून १२ मिनिटांनी ॲन्सेल्म म्हणाले, "मावशी, दारात कोणीतरी आलंय. तुम्ही भिंतीआड थांबा, हलू नका." मी खेळातल्या भिंतीआड थांबले. त्यानंतर पुढील संभाषण ऐकले.

एक पुरुष म्हणाला, "विहिरीला कुलूप कोनी लावला? पानी बंद करतोस?"

ॲन्सेल्म म्हणाले, "दिवसाला सहा टँकर भरून नेता. माझ्या केळीला काय उरतं? आता नाही."

"शेवटचा विचारतो."

"शेवटचंच सांगतो. नाही."

मग फटक्याचा आवाज आला आणि त्यांचा हेडफोन जमिनीवर पडला. लाइन चालू होती. ॲन्सेल्मची आई फ्लॉसीबाई यांनी मुलाला तीन हाका मारल्या.

मी हेडफोन काढला नाही. दुसऱ्या कानाला घरचा फोन लावून ४ वाजून १४ मिनिटांनी १०० नंबरला कळवले. ॲन्सेल्मचा घरचा पत्ता मला माहीत नव्हता. म्हणून डिरेक्टरीतून सांडोरच्या चर्चचा नंबर काढला आणि फादरांना सांगितले, "मास्तर ॲन्सेल्म तुस्कानो, आई फ्लॉसी. घर तुम्हाला माहीत असेल. माणसं आणि गाडी पाठवा, प्रश्न नंतर विचारा." ४ वाजून २२ मिनिटांनी शेजारी घरात शिरल्याचे मी ऐकले. त्यांनी ॲन्सेल्मना उचलून नेल्यावरच हेडफोन काढला.

फ्लॉसीबाईंना मोतीबिंदू आहे. त्यांनी मारणाऱ्याची फक्त पाठ पाहिली. ॲन्सेल्मच्या डोक्याला नऊ टाके असून ते आज सकाळी शुद्धीवर आले. त्यांना रविवारचे काही आठवत नाही. मी त्यांना दवाखान्यात भेटले. पाहून त्यांनी मला ओळखले नाही, बोलल्यावर ओळखले.

तो आवाज आमच्या सोसायटीत टँकर आणणारा काशीराम (पूर्ण नाव माहीत नाही) याचा आहे. तो वर्षभर एक दिवसाआड माझ्या खिडकीखाली पाइप जोडतो. "पानी" असे या भागात पुष्कळ जण म्हणतात, त्यावरून मी ओळखलेले नाही. बोलण्याआधी तो दातांमधून श्वास आत ओढतो आणि वाक्य संपले की घशात हुंकारतो. रविवारी दोन्ही ऐकले. त्याला दहा माणसांत पडद्याआड उभे केले तरी मी ओळखीन. आमचा टँकर कोणाच्या विहिरीवर भरतो, हे मी वर्षभरात कधी विचारले नाही. ॲन्सेल्मनीही आपले पाणी कोठे जाते ते कधी सांगितले नाही.

काल सायंकाळी सोसायटीचे सेक्रेटरी परेश घरी आले. ते म्हणाले, "ताई, तुम्ही पाहिलं तर नाहीये. ऐकण्यात माणूस चुकतो. बहात्तर घरं आहेत आपली, मे महिना आहे." मी त्यांना सांगितले, "एकतीस वर्षं मी ऐकण्याचाच पगार घेतला. बसा, चहा घ्या, पण हे पुन्हा बोलू नका." त्यांनी चहा घेतला नाही. आज सकाळी टँकर आला नाही. जिन्यात भेटलेल्या दोघी माझ्याशी बोलल्या नाहीत. याबद्दल माझी तक्रार नाही, मात्र नोंद व्हावी.

ट्रॉफी मिळालेली नाही. पुन्हा पहिल्या टप्प्यापासून खेळावे लागेल. डॉक्टरांनी परवानगी दिली की आम्ही खेळणार आहोत.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात "काशीरामसारखा आवाज" असे लिहिले गेले होते. मी हरकत घेतल्यावरून ते खोडून "काशीरामचा आवाज" असे केले व खोडल्या जागी मी सही केली. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे.

(सही) लतिका य. पेडणेकर