शेजारणीची मूठ

तेच म्हणते मी साहेब, पिकाचा नमुनाच न्यायचाय ना, मग एवढी घाई कसली? बसा की अंगणात. खिमुलीदीदी वर गवत कापायला गेलीय, येईल घटकाभरात — शेत काय पळून जातंय तिचं? ही चटणी चाखा तोवर. घाबरू नका हो! भांगेचं भाजलेलं बी, वर लिंबू — बियांनी कुणाला चढते होय? खालच्या मुलखातली माणसं भांग म्हटलं की डोळे मिचकावतात. आमच्याकडे तिच्या सालीचा दोर गाईच्या गळ्यात आणि बी अळकुड्यांच्या भाजीत — नशा करायला सवड कुणाला आहे?

पण नियम तो नियम, मी कुठं नाही म्हणते? हजारात तीन भागांपेक्षा जास्त नशा निघाली की परवाना रद्द, उभं पीक आडवं — हेच ना? दीदीला परवान्याचा कागद मीच वाचून दाखवला, आठवी पास आहे मी! गावात काय भांडणं झाली म्हणता — पुष्करदादा म्हणे, परवाना कशाला, आजोबांनी कुणाला विचारलं होतं? दीदी म्हणाली, आजोबांच्या दारात पोलीस आला नव्हता, माझ्या आला. आणि परवान्यासाठी लोहाघाटच्या कचेरीत सात खेपा घातल्या तिनं, सात! आता अकरा घरं अर्ज लिहून बसलीत — तिचं पीक पास झालं तर त्यांचंही. पहिलं माझंच.

फक्त तुमच्या खात्याचं ते कमी नशेचं बी — रागावू नका हं — गुळगुळीत दिसतं, पण चव? निव्वळ भुसा! त्यात आमच्या वाडीची रीत, नव्या शेतात शेजारणीची एक मूठ पडायचीच, नाहीतर पीक एकटं पडतं. दीदी म्हणाली, ‘यंदा नको गं बिशनी, कागदात बसत नाही.’ म्हणाली खरी, पण रीत मोडून कसं चालेल? ती पाण्याला गेली तेवढ्यात तिच्या शेताच्या खालच्या बांधाला मी आपल्या दोनच ओळी पेरल्या — सासूबाईंच्या जुन्या बियाण्याच्या — आणि काय माजल्यात साहेब! बाकीच्यांपेक्षा हातभर उंच, नुसत्या वासानंच माणूस —

काय लिहिताय?

नाही, थांबा. नमुना मधूनच घेता ना तुम्ही? … चारी कडांनी? चारी?

तिला माहीत नाही हो. गळ्याशपथ. आजही सकाळी त्या झाडांवरून हात फिरवून म्हणत होती, बघ बिशनी, कडेचं पीक किती छान आलंय.

उठा साहेब. विळा घेते मी. त्या दोन ओळी तुमच्या देखत मुळापासून कापते, मग घ्या नमुना. कापल्या ते लिहा, पेरल्या कुणी तेही लिहा — बिशनी बोहरा, पूर्ण नाव लिहा. पुढं कायदा काय म्हणतो ते तुम्ही बघा. ती बघा, भारा घेऊन उतरतेय. तिला सांगायचं ते मी सांगेन, तुम्ही मधे बोलू नका. चला पुढं. आणि माझ्याकडं असं बघू नका, आता एक अक्षर काढणार नाही मी.