हयातीचा दाखला

रकाना ४

प्रभा : अडलास कुठे? खूण कर आणि पुढे चल.

उन्मेष : आई, ऐक तरी. 'शेवटच्या दिवसांत श्वास अडकला तर रुग्णाला कुठे ठेवायचं? घरी की हॉस्पिटलमध्ये?' मी हॉस्पिटल लिहिलंय.

प्रभा : परत आयसीयू? गेल्या खेपेला हात बांधून ठेवले होते तुझ्या बाबांचे.

उन्मेष : नळी उपटत होते म्हणून.

प्रभा : त्यांना विचार. घरी येणारी मैत्रेयी सिस्टर हा फॉर्म देताना काय म्हणाली? आधी पेशंटची इच्छा.

उन्मेष : विचारलं की कळेल ना त्यांना, इलाज संपलाय म्हणून.

रकाना ५, ६, ९

प्रभा : दुखलं तर मॉर्फिनचे थेंब. हो. तोंड कोरडं पडलं तर ओला कापूस. हो. धार्मिक इच्छा... 'नाही' लिही. सत्यनारायणालासुद्धा प्रसादापुरतेच यायचे.

उन्मेष : सात-आठ राहिलं.

प्रभा : राहू दे. डोळे मिटताहेत माझे.

उन्मेष : चारला सिस्टर फॉर्म न्यायला येईल.

प्रभा : मग चल आत.

रकाना ४, पुन्हा

(आतली खोली. ऑक्सिजनचं यंत्र चालू.)

उन्मेष : बाबा, जागे आहात? एक फॉर्म भरायचाय. पेन्शनचा. हयातीचा दाखला.

विश्वनाथ : एप्रिलमध्ये?

उन्मेष : हो, म्हणजे... या वर्षी...

विश्वनाथ : चौतीस वर्षं मिनिस्ट्रीत काढली मी. तो नोव्हेंबरात देतात. खोटं बोलायचं तर नियम बघून बोलावं, यार.

प्रभा : मी सांगत होते याला.

विश्वनाथ : तू कुठे बोललीस? तीन आठवडे दोघं माझ्यासमोर हसताय. मग मलाही हसावं लागतं. दम लागतो, प्रभा.

प्रभा : उन्मेष, तो फॉर्म काढ इकडे.

विश्वनाथ : वाच.

उन्मेष : श्वास अडकला तर... घरी, की...

विश्वनाथ : घरी.

उन्मेष : मी हॉस्पिटल लिहून बसलोय.

विश्वनाथ : खोड. शेजारी माझी सही घे. खाडाखोडीवर सही लागते.

उन्मेष : हात धरू?

विश्वनाथ : कागद धर.

प्रभा : झालं. बिल्कुल पूर्वीसारखी आली.

उन्मेष : बाबा, ऐन वेळी मी घाबरलो तर? अँब्युलन्सला फोन करून बसलो तर?

विश्वनाथ : घाबर की. इथे, माझ्याजवळ बसून घाबर.