आजोबांच्या मौनावर एम.ए.

...आणि वर मलाच म्हणते, "मैत्री, तू जरा मागे बस ना गं, फ्रेममध्ये येतेस!" फ्रेममध्ये! मी! अहो, आजोबांचं भाषण असलं की विहारातल्या सतरंजीवर पुढच्या रांगेत, खांबाला टेकून मी बसते, ती जागा माझी आहे, हे तिथल्या पंख्यालासुद्धा माहीत आहे, आणि ही काल आलेली मुलगी तीन पायांचा कॅमेरा घेऊन येते, माझ्या जागेवर तो रोवते आणि मला सांगते, मागे बस! आणि मी? मी काही बोलले नाही. उठले आणि मागे गेले.

ही म्हणजे प्रियदर्शनी. माझी चुलतबहीण, मोठ्या काकांची. नागपूरला वाढली आणि आता पुण्यात एम.ए. करायला आली. कशात? थांबा, श्वास घेऊन सांगावं लागतं... संवाद आणि वक्तृत्वशास्त्र! म्हणजे माणसं कशी बोलतात, का बोलतात, बोलून दुसऱ्याला कसं पटवतात, याचा अभ्यास. दोन वर्षं! मला आधी वाटलं, बोलायला शिकवत असतील. पण तिला कोण शिकवणार? ती आईच्या पोटातूनच ती पदवी घेऊन आलीय. तर म्हणे तिथे ऐकायलासुद्धा शिकवतात! ऐकण्याला मार्क असतात! मार्क!

दर रविवारी होस्टेलवरून आमच्याकडे, मांजरी गावात, जेवायला येते आणि आल्या आल्या ऐकायला बसते. कशी बसते, तर मान तिरकी, डोळे मोठे, आणि दर वाक्याला, "हं... हं... मग काकू, त्या वेळी तुम्हाला नक्की काय वाटलं?" झालं! आमच्या आईला आजवर सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा नुसता राग यायचा, आता तिला वाटायला लागलं! "वाटलं म्हणजे काय सांगू प्रिया, मला वाटलं, ऊस होता तेव्हा या जमिनीला पाणी होतं, आम्ही राहायला आलो तर आम्हाला टँकर! माणूस उसापेक्षा हलका का गं?" टँकरवरून निघाली ती थेट माणसाच्या किमतीवर पोचली, तोवर गॅसवरचं वरण करपलं. आणि प्रिया गेल्यावर मला म्हणते, "शिक जरा! कसं मन लावून ऐकते पोरगी. नाहीतर तू. घुमी ती घुमीच."

आता तुम्हीच सांगा, तो टँकर मी जन्मल्यापासून ऐकतेय की नाही? भांडी पुसत, कणीक मळत, गृहपाठ करत ऐकतेय, फक्त मान तिरकी करत नाही, एवढंच! म्हणजे मी ऐकलं तर घुमी, आणि तिने ऐकलं तर एम.ए.!

पण मी काही बोलले नाही. म्हटलं, ने बाई, टँकर ने, टँकरबरोबर आईपण ने. पण तेवढ्यावर भागेल तर ती प्रियदर्शनी कसली? तिने आजोबांकडे मोर्चा वळवला.

आमचे आजोबा म्हणजे बाबुराव ओव्हाळ. कारखान्यात होते तेव्हा गेटवर भाषणं, निवृत्त झाले तेव्हापासून विहारात भाषणं. जयंती असो, कुणाच्या बाळाचं नामकरण असो, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, ओव्हाळबाबा दोन शब्द बोलल्याशिवाय कुणी जेवायला उठत नाही. आणि प्रियाच्या त्या शेफाली मॅडम, म्हणजे तिच्या मार्गदर्शक, त्यांनी काय सांगावं? "प्रबंधासाठी लांब कुठे जाऊ नका, आपल्या घरातला वक्ता शोधा." झालं. घरातला वक्ता! घर कुणाचं? आमचं! वक्ता कुणाचा?... जाऊ दे.

रोज संध्याकाळी आजोबा गॅलरीत उभं राहून भाषणाची तालीम करायचे आणि समोरच्या प्लास्टिकच्या स्टुलावर मी बसायचे. दोघांत एक चहा, अर्धा कप त्यांचा, अर्धा माझा. आता त्या स्टुलावर काय असतं? रेकॉर्डर! त्याला बसायला स्टूल, आणि मी दारात उभी! आणि प्रिया त्यांना सांगतेय, "आजोबा, ग्रीक लोक म्हणायचे, बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन हवं, मुद्द्याला आधार हवा आणि ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालता यायला हवा. तुमच्याकडे तिन्ही आहे!" आजोबा हवेत! जेवताना पप्पांना म्हणतात, "अरे, म्हणजे मी इतकी वर्षं गेटवर उभा राहून ग्रीक पद्धतीनं बोलत होतो की काय!" पप्पा म्हणाले, "पगारवाढ मात्र मराठी पद्धतीनं मिळाली."

आणि एका रविवारी तिने प्रकरण तिसरं काढलं. प्रबंधातलं हो! नाव काय, तर 'मौनाचे वक्तृत्व'. म्हणाली, "आजोबा, मी तुमच्या जुन्या व्हिडिओंचा अभ्यास केला. भाषण ऐन रंगात येतं आणि तुम्ही थांबता. लांब कुठेतरी बघता. पाण्याचा एक घोट घेता. सगळं विहार श्वास रोखतं. आणि मग तुम्ही पुढचं वाक्य टाकता! एवढी मोठी शांतता पेलायची हिंमत कुठून आली तुमच्यात?"

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी आजोबांकडे बघितलं. मग त्यांनी छताकडे बघितलं आणि म्हणाले, "ते... आतून येतं."

आतून! आता तुमच्यापासून काय लपवायचं? आजोबांना कवळी आहे. वरची.

मी दुसरीत होते तेव्हाची गोष्ट. विहार भरलेलं, आजोबा रंगात आलेले, 'प्रज्ञा, शील, करुणा' म्हणताना प्रज्ञा झाली, शील झालं, आणि करुणेच्या ऐवजी कवळी आली! त्यांनी ती रुमालात झेलली, तोंडावर रुमाल तसाच धरला, हात जोडले आणि खाली बसले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर आजोबा कुठेच बोलेनात. चिकटवायची पेस्ट आणली, तर म्हणे, "तिची चव लागते, बोलण्याची चव जाते." गॅलरीत नुसते उभे राहायचे. हळूहळू माझ्यासमोर पुन्हा तालीम करायला लागले, कारण मी काय, मी कुठे कुणाला सांगणार? आणि मला दिसलं, की कवळी निसटण्याआधी त्यांचा वरचा ओठ डावीकडून किंचित उचलला जातो. बोलण्याच्या भरात त्यांना कळत नाही, पण समोरून दिसतं. टक लावून बघणाऱ्याला दिसतं. मी पाठीवरची वेणी पुढे घेतली. का, ते मलाही सांगता येणार नाही, हाताला तेच सुचलं. ते थांबले. लांब बघितलं. पाणी प्यायले, जिभेने कवळी वर दाबली, आणि पुढे बोलले. झालं एवढंच. आम्ही त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. पण पुढच्या जयंतीला आजोबा पुन्हा उभे राहिले, मी खांबाला टेकून बसले, ओठ उचलला, वेणी पुढे, शांतता! आणि मागच्या रांगेतल्या सुंदराबाई डोळ्यांना पदर लावून, "बया, शब्दच फुटंना बाबांना, इतकं भरून आलंय त्यास्नी!" टाळ्या!

ते हे मौन! ज्यावर एम.ए. चाललंय ते!

बोलायला हवं होतं मी, मान्य आहे. पण बोलणार कशी? आजोबांची कवळी आहे ती, माझी थोडीच आहे? मी काही बोलले नाही.

तर यंदाच्या जयंतीला हा कॅमेरा! मी मागे, शेवटच्या खुर्च्यांवर. पुढे फेटे, टोप्या, खांद्यावर घेतलेली पोरं, आणि माझ्या जागेवर प्रियदर्शनी, मान तिरकी, डोळे मोठे! आजोबा उभे राहिले. खांबाकडे बघितलं. तिथे मी नाही. तरी सुरू केलं, चांगलं चाललं होतं, आवाज चढला, हात वर गेला, आणि मला एवढ्या लांबून, दोन फेट्यांच्या फटीतून दिसलं... ओठ उचलला.

वेणी पुढे घेतली. कुणाला दिसणार? त्या प्रियाला ओठ दिसत होता की! अगदी जवळून! ती आपली मान डोलावतेय, "हं... हं..."

तुम्हाला खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं? माझं नाव आजोबांनी ठेवलंय. मैत्री! सगळ्या प्राणिमात्रांविषयी मैत्री! आणि मनात काय, तर पडू दे! पडू दे ती कवळी, जवळून, कॅमेऱ्यासमोर, फ्रेममध्ये! बघू दे हिला कुठून येतं मौन! लिहू दे प्रकरण चौथं!

आणि मग आजोबांची नजर फिरायला लागली. बोलता बोलता डावीकडे, उजवीकडे, बायकांत, पुन्हा खांबाकडे... शोधत होते हो. आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. रुमालाकडे.

पुढचं मला नीट आठवत नाही. वर्गात 'हजर' म्हणताना मला घाम फुटतो, हे आधी लक्षात घ्या. मी खुर्चीवर चढले. उभी राहिले. आणि वेणी हातात धरून उंच केली, झेंड्यासारखी! खुर्ची करकरली, पुढचा फेटा वळला, मग सगळे फेटे वळले, सगळं विहार वळून माझ्याकडे बघतंय, आणि मी वेणी धरून उभी!

आजोबांना दिसलं. ते थांबले. लांब बघितलं, थेट माझ्याकडे. पाण्याचा घोट घेतला. एवढी मोठी शांतता त्या विहाराने कधी ऐकली नसेल. आणि सुंदराबाई, "अगं बया, नातीलाबी भरून आलं!" टाळ्या! आजोबांनी शेवटपर्यंत भाषण केलं, करुणेसकट!

आणि कॅमेरा? वळवला होता! माझ्यावर!

घरी आल्यावर प्रियाने पहिला प्रश्न टाकला, "मैत्री, तू काय करून राहिली होती गं खुर्चीवर?" मी काही बोलले नाही. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसले. आजोबा बोलले. म्हणाले, "प्रिया, ते मौन माझं नाही. ते हिचं आहे." आणि कवळी काढून हातावर ठेवली, तिच्यासमोर. आणि मग तशाच बोळक्याने सगळं सांगितलं, दुसरीतल्या रुमालापासून वेणीपर्यंत.

आता हे ऐकून मला काय झालं असेल? रडू यायला हवं होतं, आलंही थोडं. पण त्याच्या मागोमाग, कसं सांगू, गुदगुल्याच झाल्या! संपलं म्हटलं तिसरं प्रकरण! आता रडेल, वह्या आवरेल, कॅमेरा उचलेल, माझं स्टूल मला मिळेल...

कसचं काय! हिचा चेहरा असा फुलला, जणू कवळी नाही, कुणी सुवर्णपदक हातावर ठेवलंय! "आजोबा! अहो, हे तर कितीतरी भारी आहे! भाषण वक्ता एकटा करतच नाही! ऐकणारा करवून घेतो त्याच्याकडून!" लगेच शेफाली मॅडमना फोन. फोनमधून मॅडमचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला, "प्रियदर्शनी! एका प्रकरणाची दोन करा!"

केली. दोन केली. वर्गात सादर केलं, टाळ्या पडल्या, आता दिल्लीला कुठल्याशा परिषदेत वाचायला बोलावलंय. तिथे आजोबांनापण नेणार आहे! "मी यायचं का?" असं मी विचारणार होते, तोवर हीच म्हणते, "मैत्रीची शाळा असेल. आजोबा, माझे केस बारीक आहेत, मी कान पकडला तर चालेल का?" आणि आजोबा म्हणाले, "बघू प्रयत्न करून!" प्रयत्न!

बरं, प्रबंधात माझं नाव तरी? नाही! "तू अठराच्या आतली ना गं, नियम आहे, नाव देता येत नाही." मी 'सहभागी क्रमांक दोन'. आजोबांना नाव आहे, मॅडमना नाव आहे, कवळीला कवळी म्हटलंय, आणि मला क्रमांक! तोही दोन! एक कोण? सुंदराबाई! त्या आधी बोलल्या म्हणून!

आणि परवा माझी मुलाखत. गॅलरीत. स्टूल मला मिळालं बरं का, शेवटी मिळालं, पण मांडीवर रेकॉर्डर ठेवून. समोर ती. मान तिरकी, डोळे मोठे. म्हणाली, "मैत्री, एक शेवटचा प्रश्न. मी आले, तुझी जागा घेतली, आजोबांबरोबर बसायला लागले... तेव्हा तुला नक्की काय वाटलं?"

आणि तुम्हाला सांगते, पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी हे विचारलं! सगळं गळ्याशी आलं. सतरंजी आली, खांब आला, अर्धा कप चहा आला, टँकरसुद्धा आला! ती वाट बघतेय. खरंच बघतेय हो, तिला येतं ते, मार्क उगाच नाही मिळत! मी तोंड उघडलं...

आणि काही बोलले नाही.

तर तिने तेसुद्धा लिहून घेतलं!