कारण कोणतंही असो

—नाही, पाच वाजून तीन मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ बघ, माझं नको. आणि पेटीची किल्ली माझ्याकडे कुठाय? शिपाईमामांकडे असते. पाचच्या ठोक्याला ते पेटी उघडतात, गृहपाठांचा गठ्ठा बांधतात आणि वर सही करतात. मुद्दामच तशी ठेवलीय — माझ्याकडे असती तर मी उघडली असती ना, माणूसच आहे मी. दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं की तुम्हाला, धमकी पोकळ नको असेल तर आधी स्वतःचे हात बांधून घ्यायचे. बस, उभी का? पण कागद मांडीवर ठेव, टेबलावर नको. टेबलावर ठेवलास की 'सरांकडे दिला' होतं.

आणि कारण सांगू नकोस. एक अक्षर नको. पहिल्या तासाला नियमांचा कागद चाळीस मिनिटं वाचून दाखवला होता मी — अर्धा वर्ग जांभया देत होता. गेम थिअरी म्हणजे सर पत्ते शिकवणार अशी काहींची समजूत, ते त्याच दिवशी नाव काढून गेले, सुटले बिचारे — तर चौथा नियम, चर्चा तिघांत करा, पण लिहा आपापलं. पाचवा, सगळ्यात वाईट गृहपाठ एक, तो मोजणार नाही. आणि सहावा — उशिराचा घेणार नाही, कारण कोणतंही असो. 'कोणतंही'खाली रेघ आहे, बघितलीस? दोन वर्षांपूर्वी नव्हती ती रेघ.

का? नाही, तू नाही विचारलंस, मीच बोलतोय. दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी याच वर्गात होती. शिकवणारा दुसरा कोणी नाही आणि या विषयाशिवाय पदवी नाही, काय करणार? सगळा वर्ग टपलेला — बघू, घरच्यांना कसा सोडतो ते! शेवटच्या गृहपाठाला आली पाच वीसला. केस विस्कटलेले, पिशवीत गृहपाठ आणि त्याच पिशवीत आईचा एक्स-रे. मोरीत पाय घसरून खुबा मोडला होता हिचा. मला अकरा फोन केले पोरीने — माझा बंद. नियम दुसरा, वर्गात फोन बंद, माझासुद्धा. दारात सात-आठ जण कान देऊन उभे. आणि मी काय म्हणालो? 'पाचवा नियम वापर.' ती म्हणाली, तो तापात वापरला रे बाबा, पहिल्याच महिन्यात. दोन गुणांनी नापास झाली. वर्ष गेलं. मग दुसऱ्या गावी गेली, विषयही बदलला. रेघ मी त्यानंतर मारली — नियम पक्का होता हे दिसायला नको?

करते की फोन, दर रविवारी. मी उचलला तर म्हणते, 'आईला द्या.' ऐकलंस? द्या! लहानपणापासून मला अरेतुरे करायची, माझ्या बहिणीला ते खपायचं नाही — बापाला काय अगं अरेतुरे! आता बघ, कसं छान वळण लागलंय. मान मिळतो मला घरात. नको झालाय तो मान.

तुझा घेतला तर काय आभाळ कोसळेल? नाही कोसळत. तेच तर दुखणं आहे! आज दारात कुणी उभं नाही, शिपाईमामा माझं ऐकतील, सगळं जमण्यासारखं आहे. पण तुझा घेता येतो म्हणजे तिचाही घेता आला असता. साधं गणित आहे, दोन ओळींचं. मग तिच्या वेळचं बरोबर ठरावं म्हणून मी दर वर्षी कुणाला तरी नाही म्हणायचं. लोकांना इकडे आड, तिकडे विहीर — मी तर विहिरीत उभा राहूनच तुम्हाला नियम वाचून दाखवतो. चाल सांग बरं यातून एखादी. पैकीच्या पैकी गुण देतो.

काय म्हणालीस? 'घ्या ना, सर.' हं. घ्या.

नाही. टेबलावरून उचल तो कागद. उचल म्हटलं ना. सोमवारी तासाला वेळेवर ये. आणि पिशवीतलं ते मोठं पाकीट दुमडू नकोस, फिल्मला घडी पडली की डॉक्टरांना नीट दिसत नाही. — हो, दिसलं मला. तू दारात आलीस तेव्हाच दिसलं. जा. दार लावून घे.